टोपीवाल्यांच्या विमानात

रोझलिन टॅकेटचा आवाज आधी यायचा आणि मागून रोझलिन यायची. अमेरिकेच्या राजधानीजवळच्या डलस विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या बसमध्ये ती चढली की पेंगणारे वैमानिक सावरून बसायचे. झाडूवाल्यापासून कस्टमच्या साहेबापर्यंत प्रत्येकाची ती नाव घेऊन चौकशी करायची, आणि चौकशी करता करता दोन टोमणेही मारून घ्यायची. हवाईसेविका म्हणून तिची उभी हयात एकाच कंपनीत गेली. अंबाडा इतका घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या, ओठांना वर्षानुवर्षं तोच विटकरी रंग, आणि बूट असे चकचकीत की समोरच्याने त्यात भांग पाडून घ्यावा. नाकावर माशी बसू द्यायची नाही. पण एखादी नवी पोरगी पहिल्या उड्डाणाला थरथरत आली, तर तिला विमानाच्या मागच्या बाजूला नेऊन स्वतःच्या डब्यातलं अंडं खाऊ घालणारीही तीच होती.

तिचा नवरा व्हर्जिल जवळच्याच स्टर्लिंग गावात शाळेची बस चालवायचा. तो कमी बोलायचा, कारण त्या घरात बोलण्याचं खातं दुसरीकडे होतं. मुलगी एकच, कोरीन. ती लग्न करून नवऱ्याच्या नोकरीपायी आखातातल्या एका शहरात राहायला गेली होती. त्या शहराचं नाव इथे नको. रोझलिनच्या घरात पुढे पुढे ते घेतलं की जेवण बेचव व्हायला लागलं.

आधी तसं नव्हतं. रोझलिनच्या कंपनीचं विमान डलसहून थेट त्या शहराला रोज जायचं, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीमुळे हवं ते उड्डाण मागून घ्यायचा तिचा हक्क होता. ती तेच मागून घ्यायची. महिन्यातून दोनदा लेकीच्या हातची कॉफी प्यायची आणि परत यायची. विमान भरलेलं असायचं ते सरकारी माणसांनी. दूतावासात बदली झालेली बायकापोरांची कुटुंबं, सुट्टीवरून परतणारे लष्करातले लोक, हिशेब तपासायला निघालेले कारकून. आमच्याकडे सरकारी माणसाला स्वतःच्या मर्जीने विमान निवडता येत नाही. अमुक शहरातून तमुक शहराला कुणाच्या विमानाने जायचं याचं कंत्राट सरकार दर वर्षी एका कंपनीला देतं, आणि सगळ्या फौजफाट्याने मुकाट्याने त्याच विमानात बसायचं. कंपनी अमेरिकेचीच हवी असा कायदाही आहे. रोझलिनला तो कायदा पाठ होता, आणि त्याच्या भरवशावर ती निर्धास्त होती.

तिच्या त्या निर्धास्तपणाला पहिला धक्का दिला तो हॅस्केल बर्डसाँग नावाच्या माणसाने. हा सरकारी हिशेबतपासनीस दर दीड-दोन महिन्यांनी तिच्या विमानात असायचा, खिडकीपाशी बसायचा आणि दोन टोमॅटो ज्यूस मागायचा. सप्टेंबरातल्या एका फेरीत तो दुसरा ज्यूस घेता घेता म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून आपली गाठभेट नाही बरं का, मिस रोझलिन."

"का? बढती मिळाली की हाकलून दिलं?"

"कुठली बढती! तुमचं कंत्राट गेलं. आता आम्हाला त्या टोपीवाल्यांच्या विमानातून जायचंय."

टोपीवाले म्हणजे आखातातली मोठी कंपनी. तिच्या हवाईसेविका डोक्याला तिरकी टोपी आणि मानेवरून ओढणी घालायच्या, म्हणून आमच्याकडे त्यांना ते नाव पडलं होतं.

"चेष्टा करू नका," रोझलिन म्हणाली. "ते परदेशी. सरकारी माणूस त्यांच्याकडे जाईलच कसा?"

"तिकीट आपल्याच लोकांचं आहे. दक्षिणेतली ती लहान कंपनी नाही का, तिने त्यांच्याशी हातमिळवणी केलीय. तिकिटावर तिचं नाव, तिचा क्रमांक. विमान त्यांचं, वैमानिक त्यांचे, जेवणसुद्धा त्यांचंच."

"म्हणजे दुकान त्यांचं आणि पाटी तेवढी आपली."

"अगदी तसंच. आणि कायद्यात बसतं हो. मी स्वतः वाचून बघितलं," बर्डसाँग म्हणाला, आणि आपणच काही गुन्हा केल्यासारखा खिडकीबाहेर बघायला लागला.

पुढे जे व्हायचं तेच झालं. सरकारी माणसं गेल्यावर विमान अर्धं रिकामं जायला लागलं आणि नाताळानंतर कंपनीने ती फेरीच बंद केली. डलसमधल्या कितीतरी जणींना दुसऱ्या गावी जाऊन काम धरावं लागलं. त्यांतली एक ट्रूडी व्हेलन, रोझलिनची जिवाभावाची मैत्रीण. ट्रूडीच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. आता तिला कामासाठी आधी विमानाने नेवार्कला जावं लागायचं, तिथे आठ बायकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत कुणीतरी नुकत्याच सोडलेल्या उबदार गादीवर झोपायचं, आणि आईला शेजारणीच्या भरवशावर ठेवायचं. ट्रूडी रडली नाही. ती रडली असती तर रोझलिनला बरं वाटलं असतं.

एप्रिलमध्ये हवाईसेविकांच्या संघटनेने विमानतळावर मोर्चा काढला. आमच्या लोकांचा मोर्चा म्हणजे घोषणा नाहीत की ढकलाढकली नाही. सगळ्यांनी पूर्ण गणवेशात यायचं, हातात पाट्या धरायच्या आणि एका रांगेत, एका चालीने टर्मिनलसमोर गोल गोल चालत राहायचं. तोंड उघडायचं नाही. प्रवाशांना काही बोलायचं नाही, दुसऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना तर नाहीच नाही. हा नियम नव्या पोरींना समजावून सांगायचं काम रोझलिनकडेच होतं, आणि ती रांगेत सर्वांत पुढे होती.

टोपीवाल्यांचं विमान उतरलं होतं. त्यांच्या मुली टर्मिनलमधून बाहेर आल्या, एकीमागे एक, बॅगा ओढत. रांग समोर दिसताच त्या थबकल्या. त्यांतल्या एका उंच, हनुवटीवर तीळ असलेल्या मुलीने जराशी मान लववली. देवळाशेजारून जाताना लववावी तशी. रोझलिनला ती मान चीड आणणारी वाटली. तिच्या डोळ्यांपुढे ट्रूडीची आई होती, रिकामं विमान होतं, लेकीच्या घरची कॉफी होती.

"काय गं ए टोपीवाली," ती मोठ्याने म्हणाली, "पगार कोण देतं तुला? तुझा शेख की आमचं सरकार? दुसऱ्याच्या ताटात हात घालतेस आणि वर मान लववतेस? जा, जिथून आलीस तिथे परत जा!"

मुलीचा चेहरा पडला. ती बॅगेची मूठ घट्ट धरून पुढे गेली. रांगेतल्या बायका हसल्या. कुणीतरी टाळी दिली. रोझलिनला चेव आला आणि तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर करून टाकलं, "मी मेले तरी त्यांच्या विमानात पाय ठेवणार नाही. माझी शवपेटीसुद्धा दुसऱ्या विमानाने आणा!"

हे वाक्य डलसमध्ये गाजलं. लोक तिला बघितलं की शवपेटीची आठवण काढायचे आणि ती खुशीत हात उंचावायची.

जुलैमध्ये एका दुपारी कोरीनच्या नवऱ्याचा फोन आला. बाळंतपणाला अजून दोन महिने अवकाश होता, पण बाळ आलं होतं. मुलगा. काचेच्या पेटीत ठेवला होता. कोरीनला खूप रक्तस्राव झाला होता आणि ती शुद्धीवर आली की आईला बोलवा एवढंच म्हणत होती.

रोझलिनने बॅग भरली. कंपनीच्या माणसाला फुकट प्रवास असतो, पण तो उरलेल्या जागेवर. सगळे पैसे भरणारे बसले आणि एखादी खुर्ची रिकामी राहिली तर ती तुमची. जुलै महिना म्हणजे सुट्ट्या, आणि युरोपला जाणारं एकही विमान रिकामं नव्हतं. चांगले कपडे घालून, हसरा चेहरा ठेवून ती दिवसभर एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जाऊन बसत होती, कारण अशा वेळी कुरकुर करायची नाही ही आमची रीत. म्युनिकचं विमान गेलं, लंडनचं गेलं, पॅरिसचं गेलं. प्रत्येक वेळी दार बंद झाल्यावर खिडकीवरची ओळखीची पोरगी खालच्या आवाजात म्हणायची, "नाही गं रोझ. सॉरी." विकतचं तिकीट घ्यायचं तर तेही शिल्लक नव्हतं. संध्याकाळी जावयाचा पुन्हा फोन आला. तो बोलता बोलता रडायला लागला. तीस वर्षांचा बाप्या फोनवर रडताना ऐकून रोझलिनने युरोपवरून जायचा नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपीवाल्यांचं थेट विमान होतं. त्यात जागा होत्या, हे सगळ्या विमानतळाला माहीत होतं. आणि विमान कंपन्यांचा आपापसांत करार असतो; एकीच्या कर्मचाऱ्याला दुसरीच्या विमानात स्वस्तात बसू देतात. वैरी असले तरी. रोझलिनने गडद चष्मा घातला, अंबाडा सोडून केस मोकळे केले, आणि त्यांच्या खिडकीवर जाऊन आपलं ओळखपत्र पालथं ठेवलं. खिडकीवरच्या माणसाने ते सुलटं केलं, वाचलं, आणि गोड हसून तिकीट दिलं. एवढंच. आभाळ कोसळलं नाही.

विमानात चढण्याआधी तिने दुकानातून चॉकलेटची एक मोठी पिशवी घेतली. का घेतली, हे तिला त्या वेळी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आमच्या धंद्यातला माणूस दुसऱ्याच्या विमानात सवलतीने जातो तेव्हा दारात उभ्या असलेल्या मुख्य सेविकेच्या हातात अशी पिशवी ठेवतो. तो आमचा रामराम असतो. मी तुमच्यातलीच आहे, तुमचे पाय किती दुखतात ते मला ठाऊक आहे, एवढं त्यात येतं. रोझलिनचा हात इतकी वर्षं ते करत आला होता. त्या दिवशीही त्याने ते केलं. चारशे माणसांत तोंड लपवून बसायचं ठरवून निघालेल्या बाईने दारातच आपली ओळख देऊन टाकली.

पिशवी पुढे केली आणि मग तिने वर बघितलं. हनुवटीवर तीळ होता. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, एमिना.

रोझलिनला वाटलं, आता वळावं आणि उतरून जावं. पण मागे माणसं होती आणि पुढे नातू होता.

"अय्या, तुम्ही आमच्यातल्याच!" एमिना म्हणाली. पिशवी तिने दोन्ही हातांनी घेतली. "कितीतरी दिवसांनी कुणी आणली. कुठल्या कंपनीत आहात, मॅडम?"

रोझलिनने कंपनीचं नाव सांगितलं. इतक्या हळू की एमिनाला कान पुढे करावा लागला. आयुष्यभर जे नाव तिने टर्मिनल दणाणून सोडत घेतलं होतं, ते तिने चोरासारखं घेतलं.

"मग मागे कशाला बसता? या माझ्याबरोबर," असं म्हणून एमिनाने तिला पुढच्या रुंद खुर्चीत नेऊन बसवलं, उशी दिली, गरम रुमाल दिला, खजूर दिले. इतर मुलीही एकेक करून येऊन चॉकलेटबद्दल आभार मानून गेल्या. रोझलिनने गडद चष्मा काढला नाही. शेजारच्या रांगेत दोन सरकारी बाबू बसले होते. त्यांच्या तिकिटावर अमेरिकन कंपनीचा क्रमांक होता आणि ते मजेत खजूर खात होते. एरवी तिने त्यांना चार शब्द सुनावले असते. आता कुठल्या तोंडाने सुनावणार?

जेवणं आटोपल्यावर एमिना चहा घेऊन आली आणि तिच्या खुर्चीशेजारी चवड्यांवर बसली. रोझलिनने स्वतः हजारदा तसं बसून प्रवाशांशी गप्पा मारल्या होत्या.

"फिरायला निघालात की कामाला?"

"मुलीकडे. बाळ लवकर झालं. काचेत ठेवलंय."

एमिनाने तिच्या हातावर हात ठेवला. मग म्हणाली, "तिथले दवाखाने चांगले आहेत हो. निम्म्या नर्स केरळच्या, बाळांना जीव लावतात. नाव ठेवलं?"

"एलायस."

"सुंदर नाव आहे." ती जरा घुटमळली. "मॅडम, मी तुम्हाला पाहिलंय. एप्रिलमध्ये. तुम्ही रांगेत सगळ्यांच्या पुढे होतात ना?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. तिने होकारार्थी मान हलवली.

"तरीच. मला दारातच वाटलं होतं," एमिना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ऐकवत नव्हतं. "किती शिस्तीत चालत होतात तुम्ही सगळ्या! आमच्याकडे तसं चालता येत नाही. दुसऱ्या दिवशी तिकीट हातात देऊन घरी पाठवतील. मी हॉटेलवर जाऊन आईला फोन केला. बोस्नियात असते ती. आमच्या देशाच्या विमान कंपनीत तिकीटखिडकीवर होती, कंपनी बंद पडेपर्यंत. सकाळी कामाला गेली तर दाराला कुलूप. कुणी पाटी धरली नाही, कुणी चाललं नाही. मी तिला म्हटलं, आई, इथे बायका चालतात बघ. तर ती म्हणाली, त्यांना माझा सलाम सांग." ती हसली. "तेव्हा सांगायची सोय नव्हती. आज सांगते."

आता बोलायला हवं होतं. रोझलिनच्या मनात वाक्य जुळलंही होतं: त्या दिवशी मी तुला जे बोलले ते चुकलं. साधं, सरळ वाक्य. पण ते बोललं की आपण कोण होतो आणि कुठे बसलो आहोत हे दोन्ही एकदम कबूल करावं लागणार होतं. आणि एखादी गोष्ट चुकली म्हणायची सवय या बाईला कधी नव्हती.

"चहा छान आहे," ती म्हणाली. चहा कोमट होता.

"आणखी आणते," एमिना म्हणाली आणि उठली.

कोरीन वाचली. एलायसही तगला. हाताच्या पंजाएवढा तो जीव काचेच्या भोकातून आजीचं बोट धरायचा आणि सोडायचा नाही. रोझलिन तीन आठवडे तिथे राहिली, आणि परत आली तीही त्याच कंपनीच्या विमानाने, दारात चॉकलेटची पिशवी देऊन. या वेळी एमिना नव्हती. रोझलिनने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग तो टाकल्याचीच तिला लाज वाटत राहिली.

व्हर्जिल तिला न्यायला आला होता. घराच्या वळणावर म्हणाला, "सांगणार आहेस का?"

"कुणाला?"

"ट्रूडीला."

"वेळ बघून सांगेन. आल्या आल्या कशाला?"

"बसचं दार उघडं ठेवून नुसती वाट बघत बसलं की पोरं येत नाहीत," व्हर्जिल म्हणाला, "थंडी तेवढी आत येते." त्याने एवढी मोठी वाक्यं वर्षातून दोन-चारदाच केली असतील.

ट्रूडी दुसऱ्याच दिवशी दारात हजर. नेवार्कहून रात्रभर काम करून आलेली, डोळे सुजलेले, हातात नूडल्स आणि ट्यूना मासळी घालून भाजलेल्या पदार्थाचं भलंमोठं भांडं. तिने रोझलिनला मिठी मारली, फोनमधला एलायस बघून दोन टिपं गाळली आणि मग म्हणाली, "किती हाल झाले असतील गं जाताना. म्युनिकवरूनच गेलीस ना? मला खिडकीवरच्या पोरीने सांगितलं, दिवसभर तू बसून होतीस म्हणून."

तेव्हा सांगता आलं असतं. स्वयंपाकघरात दोघीच होत्या. ट्रूडी ओरडली असती, रुसली असती, कदाचित ते भांडं उचलून परत घेऊन गेली असती. पण रोझलिनला दिसत होते ते ट्रूडीचे सुजलेले डोळे. या डोळ्यांना काय सांगायचं? तुझी नोकरी ज्यांनी हिरावली त्यांच्या रुंद खुर्चीत बसून मी खजूर खाल्ले?

"विचारूच नकोस," ती म्हणाली.

आणि ट्रूडीने विचारलंच. मग रोझलिनने म्युनिकच्या विमानतळावर खुर्चीत अंग आखडून काढलेली रात्र सांगितली. तिथल्या एका म्हाताऱ्या सफाईवालीने दिलेलं सूप सांगितलं. सूप बटाट्याचं होतं हेही सांगितलं. खोटं बोलायला बसलं की तपशील आपोआप सुचतात, आणि रोझलिन गोष्ट सांगायला मुळातच हुशार होती.

तपशील पसरले. सप्टेंबरमध्ये संघटनेची सभा झाली तेव्हा ट्रूडीने उठून सगळ्यांना सांगितलं, "नातू काचेच्या पेटीत, लेक मरणाच्या दारात, आणि समोर त्या लोकांचं विमान रिकामं उभं. तरी आमच्या रोझने त्यात पाय ठेवला नाही! आपल्यातल्या किती जणींना हे जमलं असतं? मला नसतं जमलं. मी पळत जाऊन बसले असते." सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माणसं उभी राहिली. रोझलिनलाही उभं राहावं लागलं. ती हसली, हात उंचावला, आणि तिच्या कानांपासून मानेपर्यंत सगळं पेटल्यासारखं झालं. लोकांना वाटलं, बाई लाजली. बाई खरंच लाजली होती.

ऑक्टोबरात सरकारचं नवं वर्ष सुरू होतं आणि नवी कंत्राटं लागू होतात. तो मार्ग या वर्षीही त्याच लहान कंपनीच्या नावाने आणि टोपीवाल्यांच्या विमानाने जाणार होता. संघटनेने पुन्हा मोर्चा ठेवला. पुढे कोणी चालायचं हा प्रश्नच नव्हता. रोझलिनने दोनदा पाठदुखीचं निमित्त सांगून बघितलं, पण ट्रूडी म्हणाली, "तू नसशील तर मीही नाही," आणि तिथे विषय संपला.

वारा बोचरा होता. रांग गोल फिरत होती, रोझलिन पुढे, तिच्या लगेच मागे ट्रूडी. रोझलिनचं लक्ष पाटीकडे नव्हतं; ते टर्मिनलच्या दाराकडे होतं. तिने त्यांच्या विमानाची वेळ टळून जावी म्हणून मनातल्या मनात किती विनवण्या केल्या असतील तेवढ्या एलायससाठीही केल्या नव्हत्या. पण विमान वेळेवर आलं. दार सरकलं. टोप्या बाहेर आल्या.

एमिना तिसरी होती. रांग बघून ती मागच्यासारखीच थबकली, आणि मग तिला रोझलिन दिसली. तिचा चेहरा उजळला. तिने बॅग मैत्रिणीकडे सोपवली आणि सरळ चालत रांगेपाशी आली.

"मॅडम! एलायस कसा आहे? काचेतून बाहेर आला ना?"

रांग थांबली. मागच्या बायका एकमेकींना धडकल्या. ट्रूडीने एमिनाकडे बघितलं, मग रोझलिनकडे. "ही तुला कशी ओळखते गं?" तिने विचारलं. तिच्या आवाजात संशय नव्हता, नुसतं नवल होतं. "एलायसचं नाव हिला कसं ठाऊक?"

वीस-पंचवीस जणी बघत होत्या. त्यांतल्या कितीतरी सभेत टाळ्या वाजवायला उभ्या राहिल्या होत्या.

"मला काय ठाऊक?" रोझलिन म्हणाली. "मी हिला ओळखत नाही."

लाज तिला नंतर आली असं नाही. वाक्य तोंडातून बाहेर पडत असतानाच आली होती. तरी तिने ते पुरं केलं.

एमिनाचा हात मिठीसाठी थोडासा पुढे आला होता, तो तसाच राहिला. तिने रोझलिनच्या डोळ्यांत बघितलं. मग पाटी वाचली. मग ट्रूडीकडे आणि मागच्या बायकांकडे नजर फिरवली. हुशार मुलगी होती. तिला सगळं कळायला तेवढा वेळ पुरला. ती एक पाऊल मागे सरली.

"माफ करा," ती ट्रूडीला म्हणाली. "माझा घोटाळा झाला. यांच्यासारख्याच दिसणाऱ्या एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत, त्यांचाही नातू एलायस. फार चांगल्या आहेत त्या." मग रोझलिनकडे वळून अगदी अनोळखी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "तुम्हाला त्रास दिला, मॅडम." तिने मान लववली, बॅग घेतली आणि बाकीच्या मुलींच्या मागोमाग निघून गेली. तिने मागे वळून बघितलं नाही.

ट्रूडी हसायला लागली. "काय एकेक नग असतात! आपलं काम घेतलं ते घेतलं, वर ओळख काढायला येतात. जराही लाज नाही गं या बायकांना. नाही का, रोझ?"

रांग खोळंबली होती. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

"हो ना," रोझलिन म्हणाली. "जराही नाही."